दुपारचे राग

२०२०च्या एप्रिलमधली गोष्ट. आमच्या सोसायटीत बी विंगमधे कोणीतरी रोज दुपारी तीनच्या सुमाराला गायला बसायचं. कोण ते मला अजूनही माहीत नाही, कारण बी विंगच्या खिडक्या आमच्या स्वयंपाकघराच्या मागे येतात, मधे ड्रेनेजच्या पाइपांची अरुंद गल्ली आहे आणि त्या गल्लीतनं आवाज असा घुमत वर यायचा की पहिल्या मजल्यावरनं येतोय का पाचव्या, काही पत्ता लागायचा नाही. बाईचा आवाज, वय झालेला, वरच्या षड्जावर जरा कापणारा, मागे मोबाइलवरचा तानपुरा. मी तेव्हा ओट्याशी असायचे. कामाच्या मावशींना गेटच्या आत यायला बंदी, त्यामुळे दुपारची भांडी माझ्याकडे होती, आणि खरं सांगायचं तर करपलेलं पातेलं घासणं त्या गाण्यामुळे जरा सुसह्य व्हायचं. मग एक दिवस सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला, दुपारी दोन ते पाच कृपया म्युझिक प्रॅक्टिस टाळा, लोकांचे क्लायंट कॉल चालू असतात. खाली पटापट अंगठे. दुसऱ्या दिवसापासून आवाज बंद.

मेसेज तसा सभ्य होता हो. कोणाचं नाव घेतलेलं नव्हतं, प्लीज होतं, हात जोडलेले होते. आणि अडचणही खरीच, माझा नवरा डायनिंग टेबलवर आणि मुलगा बेडरूमचं दार लावून, दोघंही दिवसभर कानात बोंडं घालून कोणाशीतरी बोलत असायचे. त्या अंगठ्यांमधला एक आमच्याच घरातला होता हे मला नंतर कळलं. तरी ते सलत राहिलं. आई तेव्हा आमच्याकडे होती, मार्चमधे मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मिरजेहून आली ती अडकलीच. एक डोळा झाला, दुसरा राहिला, आणि तो काळा चष्मा लावून ती खिडकीशी खुर्ची टाकून बसायची. टीव्ही बघायचा नाही, वाचायचं नाही, मग करायचं काय, तर ऐकायचं. बी विंगच्या बाईचं तिला सगळं ठाऊक झालं होतं. 'आज भीमपलास लावलाय', 'आज मधेच उठली, दूध आलं असेल'. आवाज बंद झाला त्या दिवशी मी काहीच बोलले नाही, तिला ग्रुपचं सांगितलंही नाही. तिनंच चार वाजता विचारलं, "काल मुलतानी अर्धा सोडलान तिनं, आज पुरा करणार होती. बरं नाहीये का काय गं तिला?"

त्या दिवसात असा प्रश्न कोणी विचारला की पोटात गोळाच यायचा.

पण मला बोलायचंय ते दुपारीबद्दल. नोकरीला लागल्यापासून मी दुपार बघितलीच नव्हती. ऑफिसमधे दुपार नसते, तिथे सकाळी दहाला जो ट्यूबलाइटचा उजेड असतो तोच संध्याकाळी सहाला असतो, मधे एक डबा. रविवारची दुपार झोपेत जाते, ती धरायची नाही. त्यामुळे त्या एप्रिलमधे पंचवीसेक वर्षांनी पहिल्यांदा मी ऊन फरशीवरनं सरकताना पाहिलं. आमच्या हॉलमधे ते साडेबाराला टीव्हीच्या टेबलाखाली येतं, दोनला सोफ्याच्या पायाशी असतं आणि चारला भिंतीवर चढून पिवळं पडायला लागतं. रस्त्यावर एक गाडी नाही. गुलमोहरात तांबट पक्ष्याचं टुक टुक टुक, एका लयीत, न थकता, विलंबितसुद्धा नाही आणि द्रुतही नाही. सकाळी दूध-भाजी धुवून पुसून ठेवायची धावपळ, संध्याकाळी आकड्यांच्या बातम्या, आणि या दोन्हीच्या मधे ही एवढी मोठी मोकळी जागा. मला ती ओळखीची वाटली. कुठली ते आठवायला थोडे दिवस लागले, आणि त्या बाईच्या गाण्यानंच ते आठवलं. मिरजेची दुपार होती ती.

आमची मे महिन्याची सुट्टी म्हणजे मिरज. बाकीच्यांच्या मामाच्या गावाला समुद्र असायचा, आमच्या मामाच्या गावाला जंक्शन होतं. दिवसाच्या कोल्हापूर गाडीनं निघायचं, लोणंद सुटलं की सालपा-आदर्कीच्या बोगद्यांत ओरडायचं, साताऱ्याला कंदी पेढ्यांचा पुडा खिडकीतनं आत यायचा आणि किर्लोस्करवाडी गेली की आई आमची तोंडं ओल्या रुमालानं खसाखसा पुसायची, कारण आजोबा स्टेशनवर असणार. आजोबा रेल्वेतले. मिरजेला तेव्हा तिन्ही गेज होती, मोठी लाइन, मीटर गेज आणि पंढरपूरकडनं येणारी ती बारकी नॅरो गेज, आणि आजोबांना त्याचा असा अभिमान की जणू त्यांनीच रूळ टाकलेत. सकाळ कृष्णेच्या घाटावर, संध्याकाळ बाजारात किंवा पत्त्यांत. पण दुपारी जेवणं झाली की सक्तीनं आडवं व्हायचं. माजघरात सतरंज्या, खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर मामी तांब्यानं पाणी मारायची, गच्चीवर कुरडया, आणि कोणी हूं का चूं करायचं नाही. झोप कोणालाच यायची नाही. आम्ही मावस-मामे भावंडं एकमेकांना पायानं ढोसत पडून राहायचो आणि कोणी खुदकन हसलं की पलीकडनं आजोबांचा खाकरण्याचा आवाज.

आवाजाला बंदी होती, पण रेडिओला नव्हती. तो आजोबांच्या उशाशी हळू आवाजात चालू असायचा, आकाशवाणी सांगली, आणि दुपारच्या वेळी त्यावर कधी कोणाची सतार, कधी कोणाचं गाणं लागायचं. मला तेव्हा ते अजिबात आवडायचं नाही. एकच ओळ हा माणूस किती वेळा म्हणणार असं वाटायचं. शनिवारी रात्री साडेनऊला अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा, तो तर पूर्ण शिक्षा, कारण आजोबा अंगणात खाट टाकून ऐकत असले की आम्हाला भुतांच्या गोष्टी सांगता यायच्या नाहीत. पण दुपारचं ते ऐकलं नाही तरी कानात जायचंच, दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच ना. अर्धवट डोळे मिटलेले, वाळ्याचा ओला वास, आणि मधे कुठेतरी कोमल गंधारावरनं मध्यमावर येऊन थांबलेला आवाज. नाव खूप नंतर कळलं, पुण्यात गाण्याच्या क्लासला घातलं तेव्हा. प्रवेशिकेच्या परीक्षेसाठी बाईंनी भीमपलासचे आरोह-अवरोह लिहून दिले, नि सा ग म प नि सां, चढताना रिषभ-धैवत गाळायचे, वादी म्हणजे मुख्य स्वर मध्यम. मी म्हणून बघितले आणि मला एकदम वाळ्याचा वास आला. क्लासमधे कूलरसुद्धा नव्हता.

सतारमेकर गल्ली घरापासनं चालत दहा मिनिटांवर. आजोबांचे एक दोस्त तिथे तानपुरे करायचे, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. चार वाजता आजोबा उठले की कधीकधी मला बरोबर न्यायचे. बाहेर रणरणतं ऊन आणि दुकानात शिरलं की अंधार, लाखेचा आणि पॉलिशचा वास, आणि आढ्याला टांगलेले वाळके भोपळे. हे भोपळे भाजीचे नव्हेत, कडू, जाड सालीचे, मंगळवेढा-पंढरपूरकडे भीमेच्या काठानं पिकतात, आणि ती बारकी गाडी पंढरपूरकडनंच यायची म्हणून मला वाटायचं ती मुळात भोपळे आणायलाच ठेवलेली आहे. एकदा चाचांनी सांगितलं की आमचे वाडवडील शिकलगार, तलवारींना धार लावणारे. तलवारी संपल्या, मग हात रिकामे कसे ठेवायचे, म्हणून वाद्यं.

जवारी काढताना, म्हणजे तार नीट गुंजावी म्हणून घोडी घासताना, मी चाचांना बघितलंय. तानपुऱ्याच्या भोपळ्यावर जी आडवी घोडी असते, जिच्यावरनं तारा जातात, तिची पाठ सपाट दिसते पण सपाट नसते, तिला डोळ्याला न दिसणारा उतार असतो. तार त्या उतारावर घासून थरथरली पाहिजे, पण चिकटली नाही पाहिजे. चाचा तार लावायचे, छेडायचे, मान तिरकी करून ऐकायचे, तार सैल करून बाजूला घ्यायचे, घोडीवर बारीक कानस दोनदा फिरवायचे, फुंकर मारायची, परत तार, परत छेडायचं. परत नापसंती. हे किती वेळ चालेल याला काही धरबंध नाही. मग तार आणि घोडी यांच्यामधे सुताचा एक दोरा सरकवायचा, केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी तो आला की आत्तापर्यंत टण्ण वाजणारी तार एकदम उघडायची. मला तो क्षण दरवेळी कळायचा. सगळ्या दुकानभर काहीतरी भरून यायचं आणि आजोबा 'हां' म्हणायचे. हे काम दुपारीच का, असं मी विचारलं होतं. चाचा म्हणाले, "सकाळी गिऱ्हाइक, संध्याकाळी गप्पा. जवारीला दुपार लागते, बेटा. गाव गप्प असल्याशिवाय तार काय बोलतीय ते ऐकू येत नाही."

आता गंमत बघा, दुपारची ही एवढी राग मंडळी आपल्याकडे आहेत. माध्यान्हीचे सारंग, मग भीमपलास, मधुवंती, ऊन उतरायला लागलं की मुलतानी. मुलतानी तर भीमपलासच्याच वाटेनं चढतो, रिषभ-धैवत गाळून, फक्त मध्यम तीव्र होतो, निषाद शुद्ध होतो, उतरताना कोमल रिषभ-धैवत लागतात, आणि तेवढ्यानं उन्हाचा सगळा रंगच बदलतो. साडेचारनंतर आमच्या हॉलच्या भिंतीवरचं ऊन जसं पिवळ्याचं तांबूस होतं तसं. पण ऐकायचे कधी हे? मैफली संध्याकाळी, कारण माणसं ऑफिसातनं सुटल्याशिवाय येणार कशी, त्यामुळे यमन, मारुबिहाग, बागेश्री यांची चंगळ आणि सारंग बिचारे सीडीवर. रात्रीच्या रागांबद्दल लोक हळहळतात. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा, पहाटे ललत-तोडी ऐकून लोक दूध घेऊन घरी जायचे, मग २०००च्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनंतर रात्री दहाला माइक बंद व्हायला लागले आणि ते सगळं गेलं. खरंय. पण त्याच नियमापायी महोत्सव दुपारी सुरू व्हायला लागला आणि पहिल्या गायकाला मुलतानी गायला मिळायला लागला, हे कोणी बोलत नाही. समोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात म्हणा.

आईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "आम्ही दुपारी गाणं ऐकलं ते काय आवड म्हणून? बाहेर पडता यायचं नाही म्हणून." आई अशीच आहे, कशाला फार गोंजारू देत नाही. दुपारी दोन वाजता उष्टी-खरकटी काढून, पाणी भरून, वाळवणं राखून मामी आणि आजी कितीशा आडव्या व्हायच्या, हेही तिनंच आठवण करून दिलं. माझ्या आठवणीत तर वाळ्याचा पडदा आपोआप ओला व्हायचा. एप्रिलमधे माझ्या स्वतःच्या हातात काथ्या आला तेव्हा कुठे मामी दिसायला लागली.

डोळ्यांचं मात्र आईला फार हसू यायचं. डोळ्यासाठी लोक मिरजेला यायचे आणि ही मिरजेची बाई डोळ्यासाठी पुण्यात येऊन अडकली. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, वॉनलेस साहेबांचं मिशन हॉस्पिटल तर एकोणिसाव्या शतकातलं. कुरुंदवाडचा एक मुलगा फटाक्यानं डोळे भाजले म्हणून मिरजेत उपचाराला आला, दृष्टी पुरती सुधारली नाही म्हणून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला बसला, आणि पुढे त्याच विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मधे लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. मिरजेत गाणं असं दवाखान्याच्या दारानं येतं. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब, त्यांचंही तेच. प्लेगच्या वर्षी ते मिरजेत आजारी पडले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन गायले आणि बरे झाले, असं मिरजेत सांगतात. मग तिथेच राहिले, त्यांची गाणारी मुलगी हिराबाई बडोदेकर तिथल्याच जन्माच्या. आजोबांना मात्र या सगळ्यातली एकच गोष्ट सांगायला आवडायची, ती १९३७ची. खाँसाहेब गाडीनं पाँडिचेरीला निघालेले, वाटेत बरं वाटेना म्हणून सिंगपेरुमाळकोईल नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरले, फलाटावर बिछाना पसरायला लावला, दरबारीत प्रार्थना म्हटली आणि तिथेच गेले. नंतर त्यांना मिरजेला आणून दर्ग्यात दफन केलं. आजोबा ही गोष्ट गाणाऱ्याच्या बाजूनं नाही, स्टेशन मास्तरच्या बाजूनं सांगायचे. रात्रीची वेळ, छोटं स्टेशन, फलाटावर कोण म्हातारा गातोय म्हणून तो कंदील घेऊन बाहेर आला असेल, त्याला काय माहीत कोण आहे. हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

त्या दर्ग्याचा उरूस चांद्र महिन्यावर, त्यामुळे तो सुट्टीत सापडायचाच असं नाही. एकदाच सापडला. दर्ग्यातल्या चिंचेच्या झाडाखाली गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची हजेरी, पुढे सतरंजीवर आम्ही, आणि मी आजोबांच्या मांडीवर झोपले. म्हणजे एवढं सगळं समोर असून काय ऐकलं ते काहीही आठवत नाही, आजोबांच्या धोतराला येणारा निळीचा वास तेवढा आठवतो.

लॉकडाऊनमधे मामाला फोन करायचो रोज. इस्लामपूरला मार्चच्या शेवटी एकदम वीस-पंचवीस पेशंट निघाले तेव्हापासून सगळा जिल्हा धसकलेला होता, आणि सिव्हिल मिरजेतच, म्हणजे रात्री अँब्युलन्सचे आवाज. मामा म्हणाला गल्लीत शुकशुकाट आहे. कार्यक्रमच बंद तर वाद्य कोण घेणार, आणि घेतलंच तर पाठवायचं कशातनं, भोपळ्यांच्याही गाड्या अडकल्यात. चाचा जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांचा नातू आता बसतो. "दुपार-दुपार काम करतोय पोरगं," मामा म्हणाला, "विकलं जाणार कधी ते माहिती नाही, पण जवारी काढत बसलंय." मी इकडे फरशीवरच्या उन्हाचं कौतुक करत होते. आणि त्याच उन्हातनं त्याच वेळी हायवेनं माणसं पोरं खांद्यावर घेऊन चालत होती, टीव्हीवर दिसत होती ती. दुपार ज्याची त्याची वेगळी असते हे मला माहीत नव्हतं असं नाही. तरी मला ती आवडत होती, आणि आवडतीय याची लाज वाटत होती, आणि लाज वाटूनही तीन वाजले की मी भांडी घ्यायला ओट्याशी जात होते, पलीकडे आता काही ऐकू येणार नाही हे माहीत असूनसुद्धा.

याच दिवसात माझ्या भाचीचा गाण्याचा क्लास ऑनलाइन सुरू झाला. ती नागपूरला, तिच्या बाई ठाण्याला. आवाज पोचायला मधे एवढा उशीर व्हायचा की दोघींना एकत्र म्हणताच यायचं नाही, बाईंनी म्हणायचं, मग हिनं. पण खरी मजा पुढे. बाई म्हणायच्या, "अगं तुझा तानपुरा लाव ना," आणि ही म्हणायची, "लावलाय, मोठा केलाय." बाईंना तो ऐकूच यायचा नाही. शेवटी भावजींनी शोधून काढलं की ते कॉलचं ॲप मागचा सततचा आवाज आपणहून पुसून टाकतं, पंख्याची घरघर, एसी, मिक्सर, तसाच तानपुरा. त्याच्या लेखी तो गोंगाट. सेटिंगमधे खोल कुठेतरी 'ओरिजिनल साउंड' असं एक बटन होतं, ते दाबल्यावर तानपुरा आला. आम्ही सगळे खूप हसलो. मी जरा जास्तच हसले बहुतेक, नवऱ्यानं विचारलं काय झालं. मी त्याला सोसायटीचा तो मेसेज दाखवला. त्यानं वाचला, आपला अंगठा बघितला, आणि म्हणाला, "अगं पण माझा रिव्ह्यू चालू होता." यावर काय बोलणार, होताच चालू.

जूनमधे आईला मिरजेला सोडून आलो, पास काढून, गाडीत सॅनिटायझरचा वास कोंडून. दुसऱ्या डोळ्याचं तिनं मिरजेतच करून घेतलं आणि पुण्यापेक्षा छान झालं असं सगळ्यांना सांगत सुटली. मावशी परत आल्या. त्या वर्षी सवाई झालाच नाही, पुढच्या वर्षीही नाही, आणि तोपर्यंत माझं ऑफिस पुन्हा सुरू होऊन दुपार जिथून आली होती तिथे गेली.

आता मी एक करते, कुठे दुपारची बैठक असली की हाफ डे टाकते. ऑफिसच्या रजेच्या सिस्टिममधे कारण निवडावं लागतं, आजारपण, कौटुंबिक, वैयक्तिक, इतर. 'इतर'मधे टाइप करायला जागा आहे. मागे आई आलेली असताना मी विचारत होते काय लिहू म्हणून, तर म्हणाली, "मुलतानी लिही, त्यांना वाटेल गावाचं नाव आहे." लिहिलं. मंजूर झालं. दोघी रिक्षा करून तीनच्या ठोक्याला हॉलवर पोचलो, तर आधी दीपप्रज्वलन, मग प्रायोजकांचे सत्कार, मग अध्यक्षांचं मनोगत, त्यात अध्यक्षांच्या आजोबांची सगळी कारकीर्द, आणि गाणारी मुलगी तानपुरे लावून विंगेत ताटकळलेली. ती बसली तेव्हा पावणेसहा वाजून गेले होते. तिनं घड्याळाकडे बघितलं आणि संध्याकाळचा मारवा लावला.

"बरोबर केलंन," आई म्हणाली. मी तिच्यावर तीन दिवस चिडले होते.